गिऱ्हाईक स्वतःहून शोधत यावं म्हणून: गोव्यातल्या छोट्या व्यवसायांसाठी

दिवाळी सरली की गोव्यातले होमस्टेवाले, रेस्टॉरंटवाले, टूरवाले एकदम जागे होतात. रील टाकायच्या, पैसे भरून पोस्ट पुढे ढकलायची, बुकिंगच्या साइटवर दर पाडायचे. पैसे थांबले की फोनही थांबतो. दुसरी वाट अशी: ज्याला तुमची गरज आहे तो गूगलवर, मॅपवर, यूट्यूबवर काही ना काही विचारतच असतो. त्या वेळी तुमचं उत्तर त्याच्यासमोर यावं, अशी तयारी आधीच करून ठेवायची. यालाच इनबाउंड मार्केटिंग म्हणतात. ही वाट स्वस्त आहे, पण संथ आहे. आज लिहिलेल्या पानाचा गुण यायला बहुतेक वेळा तीन ते सहा महिने जातात. म्हणून हे काम पावसात करायचं. नोव्हेंबरात सुरू केलं तर त्याचं फळ पुढच्या सीझनला.

पुढे दोन उदाहरणं धरून चालू: म्हार्दोळ-मंगेशीच्या बाजूला तीन खोल्यांचा होमस्टे, आणि म्हापशातलं काजू-कोकम विकणारं दुकान. एसी दुरुस्ती, लग्नाचे फोटो, कॅटरिंग असलं काही असेल तरी पायऱ्या त्याच.

आधी वही

वेबसाइट बनवणाऱ्याला फोन करण्याआधी दोन आठवडे एक वही जवळ ठेवा. फोनवर, व्हॉट्सॲपवर, काउंटरवर आलेला प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा. तुमच्या भाषेत सुधारून लिहू नका, कारण तो गूगलमध्येही तसाच विचारणार आहे. होमस्टेच्या वहीत साधारण असे प्रश्न जमतील: मंगेशी देवळापासून चालत येता येईल का? सकाळी लवकर अभिषेक आहे, चहा मिळेल का? आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती आहेत? कांदा-लसूण नसलेलं जेवण होईल का? आम्ही सात जण, दोन खोल्यांत भागेल का? मोपा विमानतळावर उतरलो तर यायला किती वेळ? काजूच्या दुकानात: डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० मध्ये फरक काय? गर गोव्यातल्या काजूचा, की बी बाहेरून आणून इथे फोडलेली? पुण्याला दोन किलो पाठवायला कुरियरचे किती?

दोन आठवड्यांनी वहीतले प्रश्न तीन गटांत वाटा. काही माणसं अजून नुसती माहिती काढत असतात, काही दोन-तीन ठिकाणं ताडून बघत असतात, काही पैसे द्यायला तयार असतात. बहुतेक जण वेबसाइटवर फक्त तिसऱ्या गटासाठी लिहितात: ‘आमच्याकडे उत्तम सोय, आजच संपर्क करा’. असं लिहिणारे शेकडो आहेत. पायऱ्या किती ते लिहिणारा मात्र सापडत नाही, आणि आईला घेऊन येणारा माणूस नेमकं तेच शोधत असतो.

आता हे प्रश्न गूगलमध्ये टाकून पाहा, ब्राउझरच्या खासगी खिडकीतून, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होईल. अर्ध्यावर थांबलात की गूगल खाली जे पर्याय सुचवतं, ते खऱ्या लोकांनी केलेल्या शोधांवरून आलेले असतात. ते वहीत उतरवा. ‘लोकांनी हेही विचारलं’ या चौकटीतले प्रश्नही घ्या. देवनागरीत, रोमन अक्षरांतल्या मराठीत आणि इंग्रजीत, तिन्ही प्रकारे करून बघा. देवनागरीत शोधलं तर उत्तरं थोडी आणि जुनी दिसतात. तिथे स्पर्धा कमी, म्हणून नव्या माणसाला पाय रोवायला तीच जागा सोपी.

गोव्यात एक जास्तीची भानगड आहे. गावांची नावं रोमन लिपीत दोन-दोन तऱ्हांनी लिहिली जातात. पणजी आणि पंजिम, म्हापसा आणि मापुसा, डिचोली आणि बिचोलिम, साखळी आणि सांकेलिम, पेडणे आणि पेर्नेम, काणकोण आणि कॅनाकोना. मुंबई-कोल्हापूरचा माणूस एक लिहितो, दिल्ली-बंगळुरूचा दुसरं. इंग्रजी पानावर दोन्ही रूपं एकेकदा, वाक्यात सहज येतील अशी ठेवा. पानाच्या तळाला पंधरा गावांची माळ लावणं मात्र गूगलला फसवणूक वाटते, आणि वाचणाऱ्यालाही.

गूगल बिझनेस प्रोफाइल: इथेच सर्वांत जास्त वेळ घाला

मॅपवर ‘जवळचा होमस्टे’ किंवा ‘काजू दुकान’ असं शोधलं की जी तीन-चार नावं वर येतात, ती या प्रोफाइलमधून, म्हणजे गूगलवर तुम्ही स्वतः भरायच्या व्यवसायाच्या नोंदीतून. पैसे पडत नाहीत. कोणाचं नाव वर आणायचं हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवतं: तुमचा व्यवसाय त्या शोधाला किती जुळतो, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे, आणि किती नावाजलेला आहे. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीच्या दोन आहेत.

नाव पाटीवर आहे तेच आणि तेवढंच लिहा. ‘अमुक होमस्टे, बेस्ट एसी रूम्स मंगेशी फोंडा गोवा’ असं लिहिल्याने काही दिवस वर गेल्यासारखं वाटतं. मग कोणीतरी तक्रार करतं आणि प्रोफाइल निलंबित होते. ती परत मिळवायला कागदपत्रं पाठवून आठवडे घालवावे लागतात, आणि हे हटकून सीझनमध्येच होतं.

मुख्य वर्ग, म्हणजे कॅटेगरी, एकच आणि नेमका निवडा. ‘हॉटेल’ लिहिलंत तर मोठ्या हॉटेलांच्या रांगेत शेवटी उभे राहाल, ‘होमस्टे’ लिहिलंत तर तुमच्यासारख्यांत. त्याशिवाय नऊपर्यंत जास्तीचे वर्ग देता येतात, पण खरोखर करता तेवढेच द्या. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. पहिल्या दोन ओळींत कोणासाठी, कुठे आणि काय, हे येऊ द्या. ‘अतिथी देवो भव’ला तिथे जागा नाही. एसी दुरुस्तीसारखं काम घरोघरी जाऊन करत असाल, तर घरचा पत्ता लपवून सेवेची गावं नोंदवा. अशी वीस ठिकाणं देता येतात.

मॅपवरची पिन स्वतः फाटकावर आणून ठेवा. गोव्यातले पत्ते वाडा, घर नंबर, ‘देवळामागे’ असे असतात, आणि मॅप ते वाड्याच्या मधोमध कुठेतरी टाकतो. मग पाहुणे रात्री अकराला शेजाऱ्याच्या कुळागरात गाडी घालतात. पिन लावल्यावर दुसऱ्या कोणाच्या फोनवरून, गाव नवीन असलेल्या माणसाला पणजीहून यायला सांगा. तो जिथे चुकेल त्या वळणाचा फोटो काढून प्रोफाइलवर टाका.

व्यवसाय खरोखर तुमचाच आहे, याची खातरजमा गूगल आता बहुधा व्हिडिओने करतं. फोनवर एका दमात, मध्ये न थांबता, किमान तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा लागतो. त्याचा क्रम असा धरा:

१. रस्त्यावरून सुरुवात: रस्त्याची पाटी, शेजारचं ओळखीचं दुकान किंवा देऊळ.
२. मग तुमची पाटी, तिच्यावर नाव नीट वाचता येईल असं.
३. कुलूप उघडून आत जाताना, म्हणजे जागा तुमच्या ताब्यात आहे हे दिसेल.
४. आत खोल्या किंवा माल, आणि भिंतीवरचा परवाना.

पाटीच नसेल तर इथे गाडी अडते. आधी पाटी लावा. व्हिडिओत पाहुण्यांचे चेहरे किंवा बँकेचे कागद येऊ देऊ नका.

फोटो वीस-पंचवीस पुरेत, पण कामाचे: बाहेरून इमारत, गाडी ठेवायची जागा, पायऱ्या, न्हाणीघर, खोलीची खरी लांबी-रुंदी दिसेल असा एक. समुद्राचा फोटो टाकू नका. म्हार्दोळला समुद्र नाही, आणि तो बघून आलेला पाहुणा एक तारा देऊन जाईल. दुकानाच्या वेळा चतुर्थी, नाताळ अशा दिवसांसाठी वेगळ्या भरा. पावसात बंद ठेवत असाल तर ‘तात्पुरते बंद’ निवडा. ‘कायमचे बंद’वर चुकून बोट पडलं तर निस्तरायला त्रास आहे.

आठवड्यातून एकदा स्वतःची प्रोफाइल बाहेरच्या माणसासारखी उघडून पाहा. ‘बदल सुचवा’ या सोयीतून कोणीही तुमचा फोन नंबर बदलायची सूचना करू शकतं, आणि ती कधीकधी लागूही होते. गोव्यात खोल्यांच्या नावाने आगाऊ पैसे उकळणाऱ्यांचा उपद्रव आहे, त्यामुळे नंबर तुमचाच आहे ना हे बघणं कंटाळवाणं असलं तरी टाळू नका.

रिव्ह्यू

पाहुणा खूश असतो तो निघताना. गाडीत सामान ठेवून झाल्यावर, पैसे चुकते झाल्यावर. त्याच दिवशी संध्याकाळी रिव्ह्यूची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा. ही लिंक आणि तिचा क्यूआर कोड प्रोफाइलमध्येच मिळतो. दुकानदाराने तो क्यूआर काउंटरवर, यूपीआयच्या क्यूआरपासून हातभर लांब लावावा, नाहीतर लोक त्याच्यावर पैसे भरायला बघतात. ‘चांगला रिव्ह्यू द्या’ असं म्हणण्याऐवजी ‘जेवण आणि खोली कशी वाटली ते दोन ओळींत लिहा’ असं म्हणा. मग रिव्ह्यूत आपसूक ‘जेवण’, ‘मंगेशी’, ‘पार्किंग’ हे शब्द येतात, आणि पुढच्या माणसाला कामाचं काही कळतं.

रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत, पाव किलो काजू किंवा आणखी काही देणं गूगलच्या नियमात बसत नाही. घरच्यांनी, नोकरांनी लिहिणं, किंवा खूश दिसतील त्यांनाच निवडून विचारणं, हेही नाही. एका दिवसात वीस रिव्ह्यू आले तर गूगल ते गाळण्याची शक्यता असते. आठवड्याला दोन आले तर टिकतात.

वाईट रिव्ह्यूला चोवीस तास जाऊ द्या, मग चार ओळींत उत्तर द्या: काय घडलं, त्यातलं काय खरं, काय दुरुस्त केलं. ‘न्हाणीघरात गरम पाणी नव्हतं’ असं कोणी लिहिलं तर ‘१२ तारखेला गिझर बदलला’ एवढं पुरे. हे उत्तर त्या माणसासाठी नसतंच. पुढचे दोनशे जण ते वाचणार असतात.

स्वतःची वेबसाइट

पूर्वी गूगल प्रोफाइलसोबत फुकट एकपानी वेबसाइट मिळायची. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. कार्डांवर अजून तो पत्ता छापलेला असेल तर बदला.

डोमेन नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्या ईमेलवर, तुमच्या खात्यातून, तुमच्या कार्डने घ्या. साइट करून देणारा ‘मी बघतो’ म्हणून स्वतःच्या नावावर घेतो. दोन वर्षांनी त्याचा फोन लागत नाही, नूतनीकरण चुकतं आणि नाव जातं. डॉट इन नावाला वर्षाला साधारण पाचशे ते हजार रुपये पडतात. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त दाखवतात, दुसऱ्या वर्षाचा विचारून घ्या.

आता पानं. सगळं एकाच पानावर कोंबू नका. एक प्रश्न, एक पान. सुरुवातीला सहा पुरेत. होमस्टेसाठी: खोल्या आणि दर, कसं पोचायचं, जेवण, कुलदेवतेच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी माहिती, पावसाळ्यात आजूबाजूला काय बघायचं, बुकिंग आणि रद्द करण्याचे नियम.

यातलं कुलदेवतेचं पान सर्वांत जास्त माणसं आणेल. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी इथे येणारी कुटुंबं वर्षभर असतात, पाऊस असो की ऊन, आणि त्यांना बीचशी काही देणंघेणं नसतं. त्या पानावर क्रम असा धरा. वरच्या तीन ओळींत थेट उत्तर: आमचं घर अमुक देवळापासून इतके मीटर, चालत इतकी मिनिटं. मग कोकण रेल्वेने येणाऱ्यासाठी करमळी जवळ की मडगाव, आणि तिथून रिक्षा-टॅक्सीला सध्या किती घेतात. पणजी-फोंडा बसने कुठे उतरायचं. दाबोळी आणि मोपा, दोन्ही विमानतळांहून लागणारा वेळ वेगवेगळा द्या, कारण तिकीट काढताना लोकांना कुठला निवडावा हेच कळत नाही. एका दिवसात कुठली देवळं कुठल्या क्रमाने होतात. कपड्यांचे नियम. मग वयस्कर माणसांसाठी पायऱ्या, खुर्ची, कमोड. पूजेच्या वेळा आणि दर मात्र स्वतः लिहू नका. ते बदलतात आणि खापर तुमच्यावर फुटतं. देवस्थानच्या कार्यालयात विचारा, असं सांगून मोकळे व्हा.

काजूच्या दुकानाचं असंच एक पान: डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२०. हा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, बसणाऱ्या अख्ख्या गरांची वरची मर्यादा. २४० मध्ये पौंडाला २२० ते २४० गर, ३२० मध्ये ३०० ते ३२०. म्हणजे पाव किलोच्या पाकिटात ३२० चे साधारण १६५ ते १७५ गर आणि २४० चे १२० ते १३०. आकडा लहान तितका गर मोठा आणि महाग. चवीचा या आकड्याशी संबंध नाही. शिऱ्यासाठी तुकडा घ्या, भेट द्यायला २४०. असं सरळ सांगणाऱ्या दुकानावर माणूस विश्वास ठेवतो, आणि त्याच पानाखाली दर आणि कुरियरचा खर्च दिसला तर दुसरीकडे जात नाही. गर कुठल्या काजूचा हेही खरं लिहा. बी बाहेरून आणून इथे भाजून फोडलेली असेल तर तसं. लपवलं तर रिव्ह्यूत बाहेर येतंच.

दर लिहायचे की नाही यावर लोक अडतात. शेजारच्याला कळतील म्हणून लिहीत नाहीत. शेजारच्याला ते आधीच माहीत असतात. दर नसलेल्या पानावरून माणूस परत फिरतो. सीझनचा, बिगरसीझनचा आणि नाताळ ते नववर्षाचा असे तीन दर लिहा, आणि शेवटी ‘दर अमुक महिन्यात तपासले’ अशी ओळ.

मराठीत लिहिणाऱ्यांना दोन तांत्रिक गोष्टी नडतात. छापखान्याचे जुने फॉन्ट वापरलेला मजकूर वेबवर टाकला की त्याचा कचरा होतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा, फोनवरच्या मराठी कीबोर्डवर टाइप केलेला चालतो. दुसरं, पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, छोट्या रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर लांब ओळ होते आणि लोकांना ती व्हायरसची लिंक वाटते. शोधाच्या यादीत दिसणारं पानाचं शीर्षक साधारण पन्नास-साठ अक्षरांत बसवा आणि कामाचे शब्द पुढे आणा: ‘मंगेशी मंदिराजवळ राहण्याची सोय: दर, जेवण, पार्किंग’. इंग्रजी पान वेगळं करा. यंत्राने केलेलं भाषांतर तसंच ठेवलंत तर ‘सोलकढी’चं काहीही होऊ शकतं.

फोटो बाराशे पिक्सेल रुंदीचे, प्रत्येकी दीडशे-दोनशे केबीपर्यंत करून चढवा. फोनमधला पाच एमबीचा फोटो तसाच टाकला तर वायफायवर काही कळत नाही, पण धारबांदोड्याच्या रस्त्यावर एका काडीच्या रेंजमध्ये पान उघडत नाही. पान किती वेगाने उघडतं ते मोजणारं गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा, हा त्यांचाच निकष. आणि मेनू किंवा दरपत्रक फोटो म्हणून लावू नका, अक्षरांत टाइप करा. फोटोतल्या अक्षरांवर शोधात वर येण्यासाठी विसंबता येत नाही.

एआयकडून पानं लिहवून घेण्याचा मोह होईल. व्याकरण तपासायला घ्या. पण त्याला बसच्या वेळा, अंतरं, देवळाचे नियम विचारलेत तर तो आत्मविश्वासाने चुकीचं सांगेल. शिवाय ‘मंगेशी मंदिराचा इतिहास’ असल्या सर्वसाधारण प्रश्नाचं उत्तर आता गूगल स्वतःच वरती एआयने देऊन टाकतं, कोणी खाली येतच नाही. पायऱ्या, पार्किंग, आजचा दर, कांदा-लसूण हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. तेवढंच लिहिण्यात राम आहे.

कधी लिहायचं

माणसं यायच्या तीन-चार महिने आधी पान तयार हवं. चतुर्थीच्या नेवऱ्या आणि फराळाची मागणी श्रावणात सुरू होते, म्हणजे पान मे महिन्यात. दिवाळीच्या सुट्टीसाठी जूनमध्ये. माघातल्या जत्रांसाठी गणपती गेल्या गेल्या. मानकुराद आंबे आणि नवे काजू उन्हाळ्यात, त्यांची पानं डिसेंबरच्या गडबडीत लिहून होत नाहीत, म्हणून तीही पावसातच उरकावीत. दरवर्षी नवं पान काढू नका. ‘चतुर्थी फराळ’ असं एकच पान ठेवा, पत्त्यात साल घालू नका, आणि दरवर्षी तेच ताजं करा. जुन्या पानाने कमावलेली जागा नवं पान काढलं की वाया जाते.

रील आणि पोस्टबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्रामवर माणूस करमणुकीला आलेला असतो, तिथे ओळख होते, चौकशी कमी. वहीतल्या एकेका प्रश्नाची रील करा आणि बायोमध्ये वेबसाइटची लिंक ठेवा, बस. वेळ असेल तर तो यूट्यूबला द्या: ‘करमळी स्टेशनवरून मंगेशीला कसं जायचं’ असा दोन मिनिटांचा साधा व्हिडिओ तीन वर्षांनीही शोधात सापडतो.

चौकशी आली, पुढे काय

इतकं करून माणूस आला आणि उत्तर संध्याकाळी दिलं, तर तोपर्यंत त्याने दुसरीकडे पैसे भरलेले असतात. व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. वेबसाइटवरच्या बटणाला व्हॉट्सॲपची थेट लिंक द्या, तिच्यात ९१ आणि तुमचा नंबर जोडलेला असतो, मध्ये अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको. लिंकमध्ये आधीच लिहिलेला संदेशही घालता येतो: ‘मला … तारखेला … जणांसाठी खोली हवी आहे’. रिकाम्या जागा भरून माणूस पाठवतो, तुम्हाला चार प्रश्न विचारावे लागत नाहीत. प्रत्येक पानासाठी या संदेशात एखादा शब्द वेगळा ठेवला तर चौकशी कुठल्या पानावरून आली तेही कळतं.

वहीतल्या दहा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये भरून ठेवा. दर, पोचायचा मार्ग, रद्द करण्याचे नियम एका बोटावर जातात. लेबल लावा: नवीन, दर सांगितला, आगाऊ आले, येऊन गेले. ‘दर सांगितला’ या लेबलात दोन दिवस पडून असलेल्यांना एकदाच विचारा, तीनदा नाही.

ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकच संदेश अनेकांना एकदम पाठवायच्या यादीचा, एक घोळ पुष्कळांना माहीत नसतो. एका यादीत २५६ जण बसतात, आणि संदेश फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. म्हणून निघताना पाहुण्याला नंबर सेव्ह करायला लावा आणि ‘आंब्याच्या दिवसांत कळवू का?’ असं विचारून होकार घ्या. कुठून तरी विकत घेतलेल्या नंबरांवर संदेश पाठवलेत तर लोक तक्रार करतात आणि खातं बंद होतं. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामागची कल्पनाही हीच: माणसाची संमती हवी.

आगाऊ रक्कम घेताना सावध राहा. ‘फौजेतून बोलतोय, दहा खोल्या हव्यात, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉटही पुरावा नव्हे, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच बुकिंग पक्कं.

परवान्याचे नंबर वेबसाइटवर दिसू द्या. होमस्टेची नोंदणी १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे होते, खाण्याच्या पदार्थांना एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर लागतो. फेणी विकणाऱ्यांनी मात्र ही सगळी कृती जशीच्या तशी उचलू नये. दारूच्या जाहिरातीवर आणि राज्याबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत, अबकारी खात्याकडे विचारूनच पुढे जावं.

मोजायचं काय

लाइक मोजू नका. बुकिंगच्या वहीत एक रकाना वाढवा: ‘कुठून कळलं?’ आणि तो दर वेळी भरा. यासोबत गूगल सर्च कन्सोल जोडून घ्या. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, हे तिथे मागच्या सोळा महिन्यांचं मिळतं. प्रोफाइलमध्ये फोनचं बटण किती वेळा दाबलं गेलं, रस्ता किती जणांनी विचारला हेही दिसतं. महिन्यातून एकदा, तासभर बघा. रोज बघून जीव तेवढा वर-खाली होतो.

हिशेब सोपा आहे. समजा खोली २५०० रुपये, दोन रात्री, म्हणजे ५००० चं बुकिंग. बुकिंगच्या साइटचं कमिशन १८ टक्के धरलं तर ९०० रुपये गेले. असे दहा पाहुणे थेट आले तर ९००० राहिले, आणि साध्या साइटचा वर्षाचा डोमेन-होस्टिंगचा (साइटचं नाव आणि ती ठेवायची जागा) खर्च बहुधा त्यातच निघतो. बुकिंगच्या साइट लगेच सोडू नका. तिथलं नाव बघून माणूस गूगलवर तुमचं नाव शोधतो, आणि तिथे तुमची स्वतःची वेबसाइट दिसायला हवी.

आकडे कुठे अडतात त्यावरून रोग कळतो. पान शोधात दिसतं पण कोणी उघडत नाही, तर शीर्षक बोथट आहे. तेवढंच बदला आणि महिनाभर थांबा. उघडतात पण विचारत नाहीत, तर दर लिहिलेले नाहीत, बटण खाली दडलंय किंवा पान जड आहे. विचारतात पण बुक करत नाहीत, तर तुम्ही उशिरा उत्तर देता, किंवा पानावरचा आणि फोनवरचा दर वेगळा आहे. सहा महिन्यांनीही पान दिसतच नाही, तर सर्च कन्सोलमध्ये ते गूगलने नोंदवलंय का ते आधी तपासा. साइट बनवताना लावलेली ‘शोधात दाखवू नका’ ही खूण काढायची राहून गेली, असं पुष्कळदा निघतं.

एक वेगळाच घोळ कुलदेवतेच्या पानावर होतो. ते चांगलं चाललं की देवळाची वेळ विचारणारे फोन तुम्हालाच येऊ लागतात. खोली कोणालाच नको असते. अशा वेळी पान काढून टाकू नका. वरच्या बाजूला ‘पूजेच्या वेळांसाठी देवस्थान कार्यालयाशी संपर्क साधावा’ ही ओळ ठळक करा, फोन नंबर त्या पानावरून काढून फक्त व्हॉट्सॲपचं बटण ठेवा, आणि मोजणी करताना त्या पानाचे नुसते वाचक धरू नका, तिथून आलेल्या खोलीच्या चौकशा तेवढ्या धरा.